आबांनी पास केलेलं इंजिन

हिंगोलीत ज्या डॉक्टर मॅडमच्या हाताखाली मी सर्वांत जास्त वर्षं काम केलं, त्या घर आवरून मुलाकडे पुण्याला राहायला निघाल्या होत्या. जाण्याआधी त्यांनी मला बोलावून घेतलं. मला निवृत्त होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. घरातलं बहुतेक सामान वाटून झालं होतं. कपाटं उघडी होती, भिंतींवर फोटोंच्या जागी चौकोन उरले होते. मॅडमनी माझ्या हातात एक खोकं ठेवलं. साडीच्या खोक्याएवढंच, पण जरा उंच. झाकणावर एका पिवळ्या रेल्वे इंजिनाचं चित्र होतं. लांबलचक पांढरं धुराडं, पुढे दोन मोठी चाकं, मागे दोन लहान, आणि मागच्या गाड्यावर पाण्याचं चक्क लाकडी पिंप.

"अगदी सुरुवातीच्या काळातलं वाफेचं इंजिन आहे हे," मॅडम म्हणाल्या. "प्लॅस्टिकचे सुटे भाग आहेत, जोडून तयार करायचं. मुलगा लहान होता तेव्हा साहेबांनी परदेशातून आणलं होतं. दोघं मिळून करणार होते. आज करू, उद्या करू. साहेब गेले, आणि मुलगा आता पन्नाशीला आला."

"मग मुलालाच द्या ना, मॅडम."

"विचारलं. म्हणाला, टाकून दे." त्यांनी झाकणावरची धूळ पुसली. "सिस्टर, तुमचे वडील इंजिनावर होते ना? आणि माझ्या दवाखान्यात तुमच्यासारखे टाके कुणी घातले नाहीत. बघा, तुमच्या हाताला जमतं का."

ते वाक्य मी सेनगावला घरी परतताना जीपमध्ये मनात किती वेळा म्हटलं असेल, सांगता येत नाही. पस्तीस वर्षांत मॅडमनी मला तोंडावर एकदाही शाबासकी दिली नव्हती.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. पूर्ण्याच्या लोको शेडमध्ये आधी ते क्लीनर होते, म्हणजे इंजिनं पुसायची, राख काढायची. नंतर फायरमन झाले. पूर्णा ते अकोला लहान लाईनवर त्यांनी आयुष्यभर कोळसा ओढला. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे आणलं. काचबिंदूनं त्यांची नजर खाल्ली आहे. आता त्यांना उजेड कुठून येतो एवढंच कळतं. आबा म्हणतात, भट्टीच्या तोंडाशी उभं राहून डोळे गेले. डॉक्टर म्हणतात, तसं काही नसतं. मी दोघांपुढेही मान हलवते.

खोकं उघडलं तेव्हा आबा ओसरीत बाजेवर बसले होते. आत चार प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीला चिंचेच्या फांदीला पाला लागावा तसे बारीक बारीक भाग चिकटलेले. चिकटवायच्या पदार्थाची छोटी ट्यूब वाळून दगड झाली होती. आणि कसं जोडायचं ते सांगणाऱ्या इंग्रजी कागदाला कसर लागून मधल्या घडीवर मोठं भोक पडलं होतं. पाच ते आठ या पायऱ्या किड्यांनी खाऊन टाकल्या होत्या.

"कशाचा वास येऊन राहिला?" आबांनी विचारलं. "जुन्या कागदाचा?"

"इंजिन आहे आबा. प्लॅस्टिकचं. जोडायचंय."

"कोणतं इंजन?"

मी चित्राचं वर्णन केलं. धुराडं, चाकं, पिंप. मग रंग सांगितला.

"पिवळं?" आबा हसले. "इंजन पिवळं? काहून, हळद लागली का त्याला?"

तेव्हापासून ते आमच्या घरात 'नवरदेव' झालं.

पहिली अडचण चिकटवण्याची. दुकानातल्या नेहमीच्या गोंदानं हे प्लॅस्टिक धरेना आणि झटकन चिकटणाऱ्या ट्यूबनं पांढरे डाग पडायला लागले. मग मला आठवलं, हिंगोलीत दवाखान्याच्या पाट्या करून देणारा एक म्हातारा कारागीर आहे. तो अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कसलंसं पाण्यासारखं औषध लावून जोडतो. त्याच्याकडे गेले. तो मला ओळखत होता, त्याच्या सुनांची बाळंतपणं आमच्याच वॉर्डात झालेली.

"क्लोरोफॉर्म है सिस्टर," तो म्हणाला. "पर तुमको कायकू होना? किसी को बेहोश करते क्या?"

मी खोक्यावरचं चित्र दाखवलं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिलं आणि एका लहान बाटलीत औषध काढून दिलं. "बूंद से ज्यादा नक्को डालो. प्लॅस्टिक पिघल जाता. एक बूंद, और हात हटा लो."

एक थेंब आणि हात काढून घे. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. घरी पेटीच्या तळाशी माझी काचेची सिरिंज होती. शिकत होते तेव्हा आम्ही सिरिंजा उकळून वापरायचो, त्या काळातली. प्लॅस्टिकच्या आल्या तेव्हा सगळ्यांनी काचेच्या टाकून दिल्या, मी एक ठेवली होती. ती काढली, बारीक सुई लावली. दोन भाग चिमट्यात धरायचे, सुईचं टोक फटीला नुसतं टेकवायचं आणि थेंब आपोआप आत धावतो. क्षणभर धरलं की जोड पक्का. रेषसुद्धा दिसत नाही. पहिला जोड बसला तेव्हा मी एकटीच ओसरीत मोठ्यानं "वा!" म्हणाले. आमचे हे आतून म्हणाले, "कोण आलंय?"

ते दिवस सोयाबीन घरात येऊन पडल्यानंतरचे होते. ह्यांना शेतात तुरीकडे पाहायला जावं लागायचं. मी जेवणं आटोपली की ओसरीत पाट मांडायची. खिडकी उघडी, पंखा बंद, कारण एकेक भाग तांदळाच्या दाण्याएवढा. रस्त्यावर जीपवाले "हिंगोली, हिंगोली" ओरडत असायचे. आबा बाजेवर बसून विचारायचे, "आज काय बसवून राहिलीस?" मी नाव सांगायची नाही, भागच त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते बोटांनी चाचपायचे, ओठ हलवायचे आणि सांगायचे. "हे सिलेंडर." "हा पिस्टनचा राड." "ह्यो भट्टीचा दरवाजा, व्हय ना? माझ्या दरवाजाला साखळी व्हती." एकदाही चुकले नाहीत. जवळजवळ दोनशे वर्षं जुन्या जातीचं इंजिन, कधी पाहिलेलं नाही, पण त्यांच्या बोटांना ते ओळखीचं होतं.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. मी नर्सिंग शिकायला वसतिगृहात होते, तेव्हा आबा एकदा ड्यूटीवरून थेट मला भेटायला आले होते. खाकी कपडे काळे झालेले, डोळ्यांच्या कडांना कोळशाची काजळी. मी मैत्रिणींना "वडील रेल्वेत आहेत" एवढंच सांगितलेलं. फाटकाशी एका मुलीनं विचारलं, "हे कोण?" आणि मी म्हणाले, "गावाकडचे आहेत." आबा दोन हातांच्या अंतरावर होते. त्यांनी ऐकलं की नाही, मी आजपर्यंत विचारलं नाही. त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढून दिले, म्हणाले "अभ्यास कर माय," आणि गेले. त्यांच्या तळहातावर एकेक भाग ठेवताना मला ते फाटक बऱ्याचदा आठवायचं. मी काही बोलायची नाही. पुढचा भाग ठेवायची.

सातआठ आठवड्यांत इंजिन उभं राहिलं. बॉयलरवर पिवळा रंग दिला, धुराडं पांढरं. डोळ्यांना काजळरेषा ओढायच्या बारीक ब्रशनं पिंपाच्या पट्ट्या काळ्या केल्या. फाटक्या कागदातल्या पायऱ्या मी चित्रावरून अंदाजानं केल्या. दोन मोठी चाकं आसाच्या दोन्ही टोकांना बसवली, थेंब सोडला, चाकांवरच्या खिळ्यांत दोन बाजूंचे राड, म्हणजे चाक फिरवणारे दांडे, अडकवले. ढकललं तर चाकं गोल फिरत होती, राड मागेपुढे होत होते. मला इतका आनंद झाला की मी पाटासकट इंजिन उचलून आबांपुढे ठेवलं.

आबांनी आधी धुराड्यावरून बोट फिरवलं. मग बॉयलर, मग खाली. डाव्या हाताची बोटं डाव्या राडवर, उजव्या हाताची उजव्या. हळूच थोडं पुढे ढकललं. थांबले. परत ढकललं. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"काय झालं आबा?"

"दोनी बाजूचे राड एकाच टायमाला खाली येऊन राहिले."

"मग? सारखेच यायला पाहिजेत ना?"

"न्हाई माय." ते नाडी पाहावी तशी बोटं तिथेच ठेवून बसले होते. "एक खाली असंल, तवा दुसरा पुढं पाह्यजे. उजवं आधी, डावं मागून. दोनी एकदम टोकाला गेले तं वाफ ढकलंल कोणाला? हे इंजन टेसनातून निघणारच न्हाई."

मला रागच आला. दोन महिन्यांचं काम, आणि त्यातून मान मोडलेली. मी म्हणाले, "आबा, खेळण्यातलं आहे ते. याला कुठे जायचंय?"

आबांनी हात काढून घेतले. आवाज न चढवता म्हणाले, "खेळणं असंल तं मला काहून दाखवतीस?"

मी इंजिन उचलून आत नेलं आणि ट्रंकेवर ठेवलं. दोन दिवस त्याला हात लावला नाही. हे म्हणाले, "कोणाला कळणार आहे? छानच दिसतंय." खरंच होतं ते. कुणाला कळणार नव्हतं. पण दवाखान्यात एखादा टाका तिरका पडला तर मी तो उसवून पुन्हा घालायची. बाईला कळो न कळो, मला कळायचं. आणि इथे तर ज्याला कळलं, तो माणूस ओसरीतच बसला होता.

तिसऱ्या दिवशी मी पाट मांडला.

क्लोरोफॉर्मनं जोडलेलं सुटत नाही. दोन्ही तुकडे विरघळून एकच झालेले असतात. आसच कापावा लागणार होता, काडेपेटीच्या काडीएवढा जाड. सर्जिकल ब्लेडनं एकाच जागी हलकी हलकी रेघ मारत गेले, जोर द्यायचा नाही, नाहीतर चाकाचा आरा मोडेल. आबा कान देऊन बसले होते. तुकडा पडला तेव्हा "टक्" असा आवाज झाला आणि आम्हा दोघांचाही श्वास सुटला.

आता नुसतं टोकाला टोक चिकटवून चाक टिकणार नव्हतं, आत काहीतरी कणा हवा होता. मी इंजेक्शनची जाड सुई मेणबत्तीवर तापवली आणि आसाच्या दोन्ही टोकांत सरळ भोक पाडलं. पहिल्यांदा भोक तिरकं गेलं, चाक लंगडायला लागलं. ते वितळवून बुजवलं, घासलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडलं. मग पक्कडीनं सुईचा बोटाच्या पेराएवढा तुकडा तोडून आत घातला. हाड मोडलं की आत सळई घालतात, तसंच.

"आता किती फिरवू, आबा?"

"घड्याळ धर. उजव्या चाकाचा खिळा बराबर सहावर ठेव."

"ठेवला."

"आता डाव्याचा खिळा मागच्या अंगाला न्यायचा न्हाई, पुढच्या अंगाला. खालून चौथाई फेरा."

मी कंपासपेटीतला गुण्या लावला. काटकोन जुळला. आबांनी दोन्ही हातांची बोटं दोन्ही खिळ्यांवर ठेवली आणि मान हलवली. "केसभर वर घे. अजून. बास. सोड थेंब."

थेंब सोडला. मी चाक धरून बसले आणि आबा माझं मनगट धरून बसले. त्यांच्या हाताला आता कोळशाचा मागमूस नाही, पण तळहात अजून फावड्याच्या दांड्यासारखा कडक आहे.

राड बसवले. आबांनी इंजिन पाटावर पुढे ढकललं. उजवा राड खाली गेला, डावा त्याच्यामागून आला. परत उजवा. त्यांनी ते पाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, मागे आणलं, पुन्हा नेलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पास हाय."

शेडमध्ये दुरुस्त झालेलं इंजिन पुन्हा लाईनवर सोडताना असंच म्हणत असत, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मला त्या क्षणी एवढंच कळलं की माझ्या निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या शाल-श्रीफळापेक्षा हे दोन शब्द जड होते.

आमच्या गल्लीत एक आयटीआयमधले निदेशक राहतात, डिझेल मेकॅनिकच्या पोरापोरींना शिकवतात. ते सहज आले, इंजिन पाहिलं, आबांशी तासभर बोलले. जाताना मला म्हणाले, "ताई, आजोबांना एक दिवस वर्गावर आणता का? आमच्या मुलांनी वाफेचं इंजिन पुस्तकात सुद्धा नीट पाहिलेलं नाही."

आबा आधी नको नकोच म्हणाले. "मला काय येतंय? मी कोळसा टाकला." पण ठरल्या दिवशी पहाटेच उठून दाढी करून दे म्हणून माझ्यामागे लागले. पांढरा सदरा, धुतलेलं धोतर. जीपमध्ये खोकं त्यांच्या मांडीवर. मी घेते म्हटलं तर देईनात.

वर्गात चाळीसेक मुलं-मुली होती. निदेशकांनी टेबलावर इंजिन ठेवलं, आबांना खुर्ची दिली. आबा बसले नाहीत. टेबलाच्या कडेनं हात फिरवत त्यांनी इंजिन शोधलं, दोन्ही बाजूंच्या राडांवर बोटं ठेवली. मागे कुणीतरी खुसखुसलं.

मग आबांनी इंजिन हळूच ढकललं आणि म्हणाले, "हे बघा, दोनी राड एकदम खाली येत न्हाईत. काहून येत न्हाईत?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "आजोबा, पण दोन्ही बाजूंनी एकदम ढकललं तर ताकद जास्त मिळेल ना?"

आबांचा चेहरा उजळला. "नाव काढलंस पोरी! तू सायकल चालवती का?"

"हो."

"एक पायडल बराबर वर, आन् एक बराबर खाली. आता दाब. निघती का सायकल?"

मुलगी विचारात पडली. "नाही. अडकते. पाय मागेपुढे करावा लागतो."

"तुला पाय हायेत, तू करशील. इंजनाला कोण मागं-पुढं करंल? मागं डब्यांत माणसं भरलेली. म्हणून एका बाजूची ताकद सपली की दुसरीची चालूच पाह्यजे. उजवं आधी, डावं मागून. मंग ते कुठंबी थांबलं तरी निघतं."

वर्गात एकदम गलका झाला. सगळ्यांना इंजिन हाताळायचं होतं. आबा एकेकाचा हात धरून राडवर ठेवत होते, "हे धर, आता सोड, समजलं?" म्हणत होते. भट्टीत कोळसा कसा पसरायचा, पाण्याची पातळी दाखवणारी काच कशी पाहायची, पाणी कमी झालं तर ड्रायव्हरला आरोळी कशी द्यायची, सगळं सांगत होते. ती सगळी 'सर, सर' करत होती. आबांना आयुष्यात कुणी सर म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. निवांत ऐकलं, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या शिपाईमामांना उगाचच सांगितलं, "माझे वडील आहेत."

शेवटी एका मुलाला आसावरचा जोड दिसला. "सर, इथे काहीतरी कापलेलं दिसतंय."

आबा म्हणाले, "ते माझ्या पोरीनं कापलं. पयल्यांदा चुकीचं बसवलं व्हतं." सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला पदर कुठे घेऊ असं झालं. आबा पुढे म्हणाले, "मंग तिनं तोडलं, आत पोलादाची सुई घातली आन् परत बसवलं. मी इतकी वरसं शेडमध्ये काढली. चुकलेलं 'चालंल' म्हणणारे लय पाहिले. आपल्याच हातचं तोडून परत बराबर करणारा फिटर एखादाच. ती नर्स हाय, पण फिटर हाय."

टाळ्या वाजल्या. मला जन्मभर लोकांनी सिस्टर म्हटलं, ताई म्हटलं. फिटर कुणी म्हटलं नव्हतं.

परतताना जीपमध्ये आबांनी विचारलं, "सगळे ऐकत व्हते का?"

"सगळे."

"मागचे?"

"मागचेबी, आबा."

त्यांनी मान डोलावली, खोक्याचं झाकण चाचपून नीट बसवलं आणि शेजारच्या अनोळखी प्रवाशाकडे वळले. "पाव्हणं, ह्याच्यात काय हाय, सांगू का?"